शून्याची नोंद

हिवाळ्यातल्या सकाळी कवडीपाटच्या बंधाऱ्यावर जाण्याचा आमचा परिपाठ १९९६ सालापासूनचा आहे. घरापासून स्कूटरने पंधरा मिनिटे. हडपसर, मांजरी मागे टाकून सोलापूरच्या रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळले, उसाच्या शेतांमधून थोडे आत गेले, की नदी दिसण्यापूर्वी तिचा वास येतो. मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एक होतात आणि पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतात, हे आम्ही शाळेत शिकलो. मधल्या वाटेत त्या काय काय घेऊन जातात ते येथे येऊन शिकलो. बंधाऱ्यावरून पाणी उतरते तेथे साबणाचा पांढरा फेस साचतो, वारा असला की त्याचे पुंजके उडून काठावरच्या वेड्या बाभळींना लटकतात. जलपर्णी, प्लास्टिक, गणपतीनंतर उरलेले निर्माल्य. नवखा पाहुणा नाकाला रुमाल लावूनच उतरतो. पण धुके विरळ होऊन समोरचे पाणी दिसू लागले, की तो रुमाल कधी खाली आला हे त्याचे त्यालाच कळत नाही.

कारण या पाण्यावर पक्षी असतात आणि पुष्कळ असतात. चपट्या चोचीने पाणी गाळीत गोलगोल फिरणारे थापटे, लाल काटक्यांवर उभे केल्यासारखे शेकाटे, बंधाऱ्याच्या भिंतीवर ओळीने बसलेले पाणकावळे, उथळात चोच बुडवून चालणारे चित्रबलाक, आणि दगडादगडांवर शेपटी हलवीत धावणारे पांढरे, पिवळे, करडे धोबी. शहराची घाण त्यांतल्या काहींना पथ्यावर पडते. गाळातल्या किड्यांवर आणि पाण्यातल्या सेंद्रिय मळीवर जगणाऱ्यांना येथे मेजवानीच आहे. स्वच्छ नदीवर इतके थापटे उतरतील काय, हा प्रश्न आम्हाला अनेकदा पडला आणि प्रत्येक वेळी तो विचारल्याबद्दल अपराधीही वाटले. असो. आज सांगायचे आहे ते या पाण्यावरच्या पक्ष्यांविषयी नाही. काठावरच्या एका चिंचेवरच्या, आठेक ग्रॅम वजनाच्या पक्ष्याविषयी आहे, आणि खरे तर त्याच्याविषयीही नाही.

आम्हाला या बंधाऱ्यावर प्रथम आणले ते अण्णांनी. सारे कॉलेज त्यांना अण्णाच म्हणे. ते प्राणिशास्त्र शिकवीत, आम्ही मराठी. वयाने ते आमच्याहून बावीस वर्षांनी वडील. आमची ओळख झाली ती परीक्षेच्या पर्यवेक्षणात. आम्ही काव्यशास्त्राच्या तासाला विरहाचे उदाहरण म्हणून चक्रवाकाची जोडी वर्षानुवर्षे वापरीत होतो: रात्र झाली की नदीच्या दोन तीरांवर दुरावणारे, एकमेकांना साद घालणारे ते शापित दांपत्य. अण्णांनी सहज विचारले, "पाहिलाय का कधी?" आम्ही गप्प. पुढच्या रविवारी पहाटे ते आम्हाला घेऊन येथे आले. नारिंगी तपकिरी अंगाची, फिकट डोक्याची दोन बदके चिखलात उभी होती आणि नाकातून बोलल्यासारखी ओरडत होती. अण्णा म्हणाले, "हे घ्या तुमचे विरही." लडाख, तिबेटकडच्या उंचावरून, हिमालय ओलांडून आलेले पक्षी पुण्याच्या मैलापाण्यात उभे होते आणि आम्ही त्यांच्याविषयी इतकी वर्षे अधिकारवाणीने बोलत होतो. ही गोष्ट आम्ही पुढे वर्गात अनेकदा सांगितली. विद्यार्थी हसतात, म्हणून.

नोंदवहीही अण्णांचीच. लांबट हिशेबाची वही, डावीकडे जातींची नावे, वर तारखा. अक्षर बरे म्हणून लिहिण्याचे काम पहिल्या दिवसापासून आमच्याकडे. नावे मराठी हवीत हा आमचा आग्रह. २००२ साली मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' आला तेव्हा तो मांडीवर घेऊन आम्ही जुन्या पानांवरची नावे दुरुस्त करीत बसलो होतो. अण्णांचा आग्रह मात्र एकाच गोष्टीचा असे. एखादा पक्षी त्या दिवशी दिसला वा ऐकू आला नाही, तर त्याच्या रकान्यात शून्य घालायचे. जागा रिकामी सोडायची नाही. "रिकामी जागा म्हणजे पाहिले नाही," ते म्हणत, "शून्य म्हणजे पाहिले, आणि नव्हते. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मास्तर." आम्हाला तो फरक लगेच पटला. पाठचिकित्सेत गाळलेली ओळ आणि मुळात नसलेली ओळ यांत जो फरक असतो, तोच हा.

आता त्या चिंचेकडे येऊ. बंधाऱ्याकडे उतरणारी पायवाट जेथे वळते तेथे एक जुनी चिंच आहे आणि पलीकडे वापरात नसलेल्या विहिरीपाशी एक करंज. या दोन झाडांवर दर हिवाळ्यात हिरवट वटवट्या येतो. त्याचे वर्णन करणे म्हणजे वर्णन करण्यासारखे काही नाही हे सांगणे: वरून मळकट हिरवा, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर एक पुसट पट्टी, आकार चिमणीहून लहान. चिंचेच्या पानांत तो शिरला की चिंचेचे एक पान होतो. तो ओळखायचा कानानेच. 'चिस्-वी' असा दोन अक्षरांचा, बारीक, टोकदार बोल; दर थोड्या वेळाने, दिवसभर. गाणे त्याचे वेगळे, ते उन्हाळ्यात उत्तरेकडच्या घरी. येथे फक्त हा बोल. आपल्या हिवाळी जागेची हद्द तो याच बोलाने राखतो, आणि पुष्कळदा तोच पक्षी पुढच्या वर्षी त्याच झाडांच्या घोळक्यात परत येतो, असे या जातीचा हिवाळी मुक्काम अभ्यासणाऱ्यांना आढळले आहे. म्हणजे 'आमचा वटवट्या' असे आम्ही म्हणत होतो त्यात भावुकतेबरोबर थोडे तथ्यही होते.

साहित्याच्या माणसाला या पक्ष्याचे आणखी एक आकर्षण आहे. तिबेटच्या पठाराभोवती या जातीची वस्ती एखाद्या कड्यासारखी पसरलेली आहे. दक्षिणेकडून, हिमालयापासून, दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे जावे तसतसे गाणे थोडे थोडे बदलत जाते. शेजाऱ्याला शेजाऱ्याचे कळते. पण कड्याची दोन टोके सैबेरियात जेथे पुन्हा भेटतात, तेथे एका बाजूचा पक्षी दुसऱ्या बाजूच्याचे गाणे आपले म्हणून ओळखत नाही. २००१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा अण्णांनी आम्हाला त्याची छायाप्रत आणून दिली होती आणि आम्ही ती बोलीविज्ञानाच्या तासाला वापरली होती. वऱ्हाडी ते कोकणी हा प्रवास समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला आजवर मिळालेले नाही.

या वटवट्याच्या रकान्यात २०२१-२२ च्या हिवाळ्यात शून्ये पडू लागली. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, चिंच गप्प. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तोवर आम्ही निवृत्त होऊन रोज जाऊ लागलो होतो, त्यामुळे शून्येही रोजची. मागची पाने चाळली तर उतरण आधीपासूनच दिसत होती: एके काळी साऱ्या पायवाटेवर मिळून पाच-सहा आवाज, मग तीन, मग दोन, मग एखादा. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. मांजरीच्या बाजूने इमारती वाढतच होत्या, रस्ता रुंद करताना वडाची झाडे गेली होती, उसावरची औषधे होतीच. आम्ही एक लेख लिहिला. एका दिवाळी अंकात तो आला. रेचल कार्सन यांच्या १९६२ सालच्या 'सायलेंट स्प्रिंग'ची आठवण शीर्षकातच जागवून आम्ही आमच्या मुक्या झालेल्या हिवाळ्याविषयी लिहिले होते. लेख लोकांना आवडला. दोन वाचकांनी, वाचताना डोळ्यांत पाणी आले, असे कळवले. आम्हालाही तो चांगला वाटला होता. आजही त्यातली वाक्यरचना आम्हाला नावे ठेवण्यासारखी वाटत नाही, हे विशेष.

आमची एक जुनी विद्यार्थिनी २०२२ पासून रविवारी आमच्याबरोबर येते. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. पुढे लेखनिकाचे काम तिच्याकडे गेले, कारण थंडीत आमची बोटे आखडतात. २०२४ च्या डिसेंबरातला एक रविवार. चिंचेखाली दहा मिनिटे उभे राहून आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, "याही वर्षी नाहीच. लिही शून्य."

तिने पेन उघडले, पण लिहिले नाही.

"सर, तो आत्ताच बोलला."

"कोण?"

"वटवट्या. आपण आल्यापासून बोलतोय. हा बघा, आत्तासुद्धा."

तोंडी परीक्षेत आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे आम्ही तिच्याकडे पाहिले. मग म्हणालो, "कसा बोलला, म्हणून दाखव." तिने म्हणून दाखवले. बोल बरोबर होता. तिच्या गळ्यातून आलेला तो आम्हाला ऐकूही आला. मग ती चिंचेकडे तोंड करून उभी राहिली आणि पक्षी बोलला की उजव्या हाताचे बोट वर करू लागली. बोट वर गेले. आम्हाला बंधाऱ्याचे पाणी ऐकू आले. पुन्हा बोट वर गेले. पलीकडच्या शेतात ट्रॅक्टर सुरू झाला. पुन्हा. एक कावळा ओरडला, तो मात्र अगदी स्वच्छ.

शेवटी तिने दिशा दाखवून दाखवून आमची दुर्बीण त्या फांदीवर नेली. पक्षी उघड्यावर आला होता. त्याची भुवई दिसली, पंखावरची पट्टी दिसली. मग त्याची चोच उघडली आणि मिटली. पुन्हा उघडली आणि मिटली. काचेच्या पलीकडे बोलणाऱ्या माणसाचे ओठ दिसावेत तसे आम्ही ते किती तरी वेळ पाहत राहिलो.

परत येताना आम्ही तिला विचारले, हे तिला केव्हापासून ऐकू येत होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पहिल्या वर्षापासून, सर. आधी वाटलं, तुम्ही दुसऱ्याच कुठल्या वटवट्याबद्दल म्हणताय. मग वाटलं, माझंच चुकतंय. मग तुमचा लेख आला." पुढे ती काही म्हणाली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

कानांची तपासणी झाली. बंद खोलीत कानांवर यंत्र लावून बसायचे आणि आवाज आला की बटण दाबायचे. वयाची पासष्टी उलटल्यावर तोंडी परीक्षा ती अशी. आलेखावरची रेघ सुरुवातीला बऱ्यापैकी सपाट चालते, सेकंदाला दोन हजार कंपनांच्या पुढे ती घसरू लागते आणि चार हजारांपासून जी कोसळते ती आठ हजारांपर्यंत कोसळतच जाते. उतारवयात बारीक, उंच स्वर आधी जातात, हे सर्वसामान्य आहे असे आम्हाला समजावून सांगण्यात आले. वटवट्याचा बोल नेमका त्या कड्यावरचा. तेथेच आणखी एक गोष्ट कळली. बोलण्यातले स, श, फ, थ यांसारखे वर्ण ऐकण्याची मदारही याच उंच पट्टीवर असते. म्हणजे शेवटच्या काही वर्षांत 'हल्लीची मुले शब्द गिळतात' अशी जी तक्रार आम्ही अध्यापककक्षात सातत्याने करीत होतो, आणि जिला आमच्या वयाचे सहकारी एकमुखाने दुजोरा देत होते, तिचाही फेरविचार करणे आले.

यात एक गंमत आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्हाला अद्याप कोण ऐकू येतात, याची यादी आम्ही केली. चक्रवाक, मोर, कोकीळ, कावळा, टिटवी, पारवा, घुबड. ही यादी कोणाच्याही ओळखीची आहे. संस्कृत काव्याची पक्षिसृष्टी थोड्याफार फरकाने हीच. सारे मोठ्या अंगाचे, भरदार वा खालच्या पट्टीच्या आवाजाचे. वटवट्याला महाकाव्यात प्रवेश मिळाल्याचे आमच्या वाचनात नाही. प्राचीन कवींची सरासरी वयोमर्यादा काय होती, असा प्रबंधाचा विषय कोणा होतकरू संशोधकाने घ्यावयास हरकत नाही. आम्ही एवढेच म्हणू, की पंचवीस वर्षे अण्णांच्या नादाने संकेतातून बाहेर पडून पक्षी पाहू लागलेल्या माणसाला त्याच्या कानांनी पुन्हा संकेतातच आणून सोडले आहे.

पण गंमत येथे संपते, कारण आता अण्णांविषयी सांगावे लागेल.

२००८-०९ आणि २००९-१०, हे अण्णांचे बंधाऱ्यावरचे शेवटचे दोन हिवाळे. ते सत्तरी ओलांडून गेलेले. त्याच चिंचेखाली उभे राहून, काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले होते, "मास्तर, वटवटे संपले." चिंचेत पक्षी बोलत होता. करंजावर दुसरा बोलत होता. आमचे कान तेव्हा शाबूत होते. आम्ही म्हणालो, "हो, अण्णा." आणि त्यांनी सांगितले तसे रकान्यात शून्य घातले.

एकदा नव्हे. दोन हिवाळे, प्रत्येक रविवारी. त्यांना वाईट वाटेल, हे एक कारण. वडीलधाऱ्यांना, त्यातही ज्याने आपल्याला ऐकायला शिकवले त्याला, 'तुम्हाला ऐकू येत नाही' असे सांगायचे कोणत्या तोंडाने, हे दुसरे. आपल्याकडे याला मर्यादा म्हणतात आणि आम्ही मर्यादशील होतो. कॉलेजच्या निसर्ग मंडळात अण्णांचे अखेरचे व्याख्यान झाले, त्यात त्यांनी पुण्याच्या पूर्वेकडून वटवटे कसे नाहीसे झाले हे मुलांना सांगितले. पुरावा म्हणून त्यांनी आमच्या हस्ताक्षरातली वही उंच धरून दाखवली. आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. २०११ च्या पावसाळ्यात ते गेले, ते असे मानूनच गेले.

आमची स्वतःची तीन वर्षांची शून्ये अज्ञानाची आहेत. त्यांना निदान कान हे निमित्त आहे. ती दोन वर्षांची शून्ये आम्ही जाणून लिहिली आहेत. आणि आमच्या विद्यार्थिनीने दोन हिवाळे आमच्याशी जे केले, ते आम्हीच शिकवलेले होते, जरी अभ्यासक्रमात ते कोठे नव्हते. फरक इतकाच, की ती अखेरीस बोलली.

'गाथासप्तशती'तली एक गाथा काव्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भेटते: कमळाच्या पानावर निश्चल बसलेल्या बलाकेची. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त तिची जी उकल केली आहे, ती आम्ही तीस वर्षे शिकवली. बलाका हलत नाही. म्हणजे ती निर्भय आहे. म्हणजे येथे माणसांचा वावर नाही. म्हणजे भेटीला जागा योग्य आहे. व्यंजनेची एक एक पायरी. पण मम्मट तेथे थांबत नाही, तो दुसराही अर्थ सुचवतो: नायिका प्रियकराला म्हणते आहे, की येथे येऊन गेल्याचे तू सांगतोस ते खोटे, तू आलाच नव्हतास. पक्ष्याची स्तब्धता ही नायकाच्या गैरहजेरीची साक्ष. वर्गात हा दुसरा अर्थ आम्ही घाईने उरकत असू, पहिला अधिक रमणीय म्हणून. आता तो आमचा पिच्छा सोडत नाही. सैबेरियाकडून, हिमालयाकडून हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि दिवसभर 'मी आहे, मी आहे' असे बजावणाऱ्या पक्ष्याला आम्ही तीन वर्षे लेखी स्वरूपात सांगत होतो, की तू आलाच नव्हतास. गाथेतल्या नायिकेची नजर तरी निर्दोष होती. अनुमानाची साखळी जिच्या जोरावर उभी राहते ती पहिली कडी, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा आणि ऐकणाऱ्याचा कान, तिच्याविषयी आलंकारिकांनी शंका घेतलेली नाही. सहृदय वाचकाची ते अपेक्षा करतात. तो बहिरा असू शकेल हे त्यांनी गृहीत धरलेले नाही.

हे सारे आमच्या वहीपुरते असते तर घरातल्या घरात मिटले असते. पण २०१५ पासून आम्ही आमच्या याद्या ईबर्डवर चढवीत आलो आहोत. तेथे प्रत्येक यादीपाशी एक प्रश्न येतो, की ओळखता आलेले सर्व पक्षी तुम्ही यात नोंदवले आहेत काय. आम्ही बाणेदारपणे 'होय' म्हणत आलो. या 'होय'चा अर्थ असा, की यादीत जे नाही ते त्या वेळी तेथे आढळले नाही, असे गणकाने धरावे. अण्णांचे शून्यच ते, फक्त यंत्राच्या भाषेतले. देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदींवरून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा अहवाल तयार होतो. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. लाखो नोंदींच्या त्या समुद्रात आमच्या एका चिंचेने काय बिघडणार, असे स्वतःला समजावता येते. पण निरीक्षकांचे वय वाढते तसे बारीक आवाजाचे पक्षी नोंदींतून गळतात, हा प्रश्न जगभरच्या पक्षिगणकांना ठाऊक असलेला प्रश्न आहे, आणि आम्ही म्हणजे त्या प्रश्नाचे एक चालतेबोलते उदाहरण.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण आमची ही हकीकत ऐकून एका स्नेह्याने लगोलग निष्कर्ष काढला, की पक्षी कमी झाल्याची ओरड ही म्हाताऱ्यांच्या कानांची ओरड आहे. तसे नाही. वरील अहवालातच दूरवरून येणाऱ्या स्थलांतरितांची पीछेहाट रहिवासी पक्ष्यांपेक्षा अधिक दिसून आली आहे, आणि ती काही एका माणसाच्या कानांवरून ठरवलेली नाही. मांजरीचे वड खरोखरच गेले आहेत. आमच्या वहीतली २०२१ पूर्वीची उतरण, पाचांवरून तीन, तिनांवरून एक, ही पक्ष्यांची उतरण किती आणि आमची किती, हे आता वेगळे काढता येत नाही. त्या उतरणीचे दोन्ही धागे एकाच पिळात वळले गेले आहेत. खरोखरच काही हरवत असताना खोटा शोकलेख लिहून ठेवणे, हे आमचे त्यातले योगदान. दिवाळी अंकाच्या संपादकांना आम्ही खुलासा पाठवला. त्यांनी तो छापला, पण पत्रव्यवहारात, आणि बराच कापून.

गेल्या उन्हाळ्यात विद्यार्थिनीने आणि आम्ही मिळून तीन हिवाळ्यांच्या याद्या उघडल्या. साडेतीनशेच्या आसपास होत्या. प्रत्येकीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर बदलून 'नाही' केले. काम दोन रविवार चालले. ती कळ दाबीत होती, आम्ही तारखा वाचून दाखवीत होतो. त्या आधीच्या वर्षांचे काय करावे, यावर आमचे एकमत झाले नाही, त्या तशाच आहेत. कागदी वहीतल्या शून्यांना मात्र आम्ही हात लावला नाही. पाठ खाडाखोड करून सुधारायचा नसतो, टीपेत सुधारायचा असतो, इतके संस्कार उरले आहेत. अण्णांच्या दोन हिवाळ्यांच्या पानांवर समासात आम्ही पेन्सिलीने लिहिले: 'पक्षी होते. लेखनिकाने ऐकले होते.' लिहिताना हात थांबला तो 'लेखनिकाने' या शब्दापाशी. तेथे आधी 'आम्ही' लिहिले होते, ते खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. शेवटी काय ठेवावे हे ठरेना, तेव्हा दोन्ही ठेवले.

यंदा आम्ही श्रवणयंत्र घेतले. पहिल्या दिवशी ते लावून बंधाऱ्यावर उतरलो तेव्हा प्रथम ऐकू आली ती आमचीच माकडटोपी, यंत्रावर घासणारी. मग वर्षानुवर्षे न ऐकलेली फेसाची चुरचुर ऐकू आली. बंधाऱ्याच्या पाण्याचा धबडगा तर असा वाढला, की शेजारी बोललेले कळेना. चिंचेखाली गेल्यावर मात्र 'चिस्-वी' आले. आले खरे, पण कोठून आले ते समजेना. यंत्रातून सारेच आवाज डोक्याच्या मध्यावर उमटतात. पूर्वी आवाज आला की मान आपोआप त्या फांदीकडे वळत असे. आता पक्षी आमच्याच टोपीत बसून बोलतो आहे असे वाटते. आणि तो एक आहे की दोन, हे तर मुळीच सांगता येत नाही.

म्हणून आमच्यात आता एक व्यवहार ठरला आहे. रविवारी ती असते तेव्हा ती बोट उचलते आणि आम्ही लिहितो; लेखनिकाचे काम आम्ही परत मागून घेतले, आखडलेल्या बोटांसह. सोमवार ते शनिवार आम्ही एकटेच जातो. चक्रवाक मोजतो, थापटे मोजतो, शेकाटे मोजतो, धोब्यांची संख्या डोळ्यांनी लागते तेवढी लावतो. वटवट्याचा रकाना रिकामा सोडतो.

गेल्या रविवारी धुके दाट होते आणि बंधारा दिसतही नव्हता. तिने दोनदा बोट उचलले, एकदा चिंचेकडे, एकदा विहिरीवरच्या करंजाकडे. आम्ही दोन लिहिले.